रात्री पायी फिरून फोटो काढता का? ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

रात्री कॅमेरा गळ्यात अडकवून भटकणारे आपल्यात बरेच निघाले, म्हणून हा धागा. कुठे फिरता, काय जमतं, कोण हटकतं, सगळं लिहा. मोबाइलवालेही या.

माझ्यापासून सुरुवात करते. माझा फेरा जांभळी नाका, तलावपाळी, राम मारुती रोड असा. मासुंदा तलावातली दिव्यांची प्रतिबिंबं सगळेच टिपतात, मला त्यात फारसा रस नाही. मी बाजार बंद होताना जाते. शटर अर्धं खाली आलं की आतला उजेड गुडघ्याखालीच पडतो: शेठच्या चपला, पोऱ्याचा झाडू, नुकत्याच पुसलेल्या लादीवरचा पांढरा पट्टा. चेहरे येत नाहीत, त्यामुळे कुणी हरकत घेत नाही. ३५ एमएमची लेन्स, छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ २, उजेडाची संवेदनशीलता आयएसओ ३२००, कॅमेऱ्याचं शटर १/६० सेकंद. ट्रायपॉड नेत नाही. तो उघडला की चौकशी सुरू!

तुर्भेकर
वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात या. शहर झोपतं तेव्हा तिथे गाड्या लागतात आणि उजाडायच्या आत भाजीचा निम्मा व्यवहार उरकलेला असतो. एप्रिल-मेमध्ये फळबाजारात हापूसच्या पेट्यांच्या भिंती उभ्या असतात, त्यांच्या फटींतून येणारा उजेड बघाच. पण वाट अडवायची नाही. डोक्यावर ओझं असलेला माथाडी तुमच्यासाठी थांबणार नाही, थांबूही नये. मी आधी विचारतो. एकदा "काका, एक फोटो काढू?" म्हटलं तर उत्तर आलं, "काढ की, पण ही गोण तू उचल."

एक तांत्रिक गोष्ट. फोटोत आडवे काळे पट्टे येत असतील तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा, पट्टे बहुतेक जातात.

दोघी जावा
आम्ही मुलं झोपली की निघतो. नवरे म्हणतात, "सोबत येऊ का?" आम्ही म्हणतो, "भांडी घासा." बेलापूरला महापालिका मुख्यालयाचा घुमट रात्री झकास दिसतो, पण पाम बीच रोड पायी फिरणाऱ्यांसाठी नाहीच, तो गाड्यांचा रस्ता. त्यापेक्षा नेरूळचे सेक्टर बरे. मोबाइलचा नाइट मोड एकामागून एक बऱ्याच फ्रेम घेऊन त्या जोडतो, म्हणून चालती माणसं पुसट होतात. थोरली जाऊ मुद्दाम तेच करते: पानाची टपरी स्थिर, गिऱ्हाइकं धुरासारखी.

एका सोसायटीच्या वॉचमनने हटकलं होतं. त्याला स्क्रीनवर फोटो दाखवला, तर म्हणाला, "माझाही काढा, गावी पाठवतो." काढला आणि तिथेच व्हॉट्सअ‍ॅप केला.

रुळावरचा
१८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच आली, त्यामुळे आपल्याला स्टेशनचं वेड. फलाटावर मात्र परवानगीशिवाय कॅमेरा काढायचा नाही. पश्चिमेला बाहेर थांबा. सॅटिसच्या, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उंच पुलावर बस वळतात, खाली रिक्षांची झुंबड. कॅमेरा कठड्यावर टेकवायचा, पट्टा मनगटाला, दोन सेकंदांचा टायमर, शटर अर्धा सेकंद. दिव्यांच्या रेघा मिळतात, ट्रायपॉड लागत नाही. पाऊस पडून गेल्यावर या, खालचा रस्ताही उजळतो. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांखाली लाल साडी नि तपकिरी गोणपाट सारखंच दिसायचं. एलईडी आल्यावर रंग कळू लागले, मजा थोडी गेली.

नवखा
कुत्र्यांचं कुणीच लिहिलं नाही?

तुर्भेकर
पळायचं नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. दोन गल्ल्यांच्या सीमेवर ती जास्त खवळतात, तिथून जरा लांबून वळा.

दोघी जावा
आणि फ्लॅश मारू नका. कुत्र्यांवरही नाही, फुटपाथवर झोपलेल्या माणसांवर तर मुळीच नाही.