काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात: राउटरमध्ये काय बदलू?

धायरीची_सून
सोसायटीत केबलवाल्याकडून फायबर घेतलं आहे. जुना राउटर बंद पडला म्हणून नवा आणला, पीपीपीओईचं (लॉगिन करून नेट जोडण्याची पद्धत) युजरनेम-पासवर्ड टाकलं, नेट सुरू झालं. गूगल, यूट्यूब झकास चालतं. पण सासूबाईंची पेन्शन ज्या बँकेत येते तिची साइट उघडतच नाही. चक्र फिरत राहतं आणि शेवटी टाइम आउट. मुलाच्या प्रवेशाच्या फॉर्मचीही तीच गत. साधं मेल जातं, पीडीएफ जोडली की अडकतं. त्याच लॅपटॉपवर मोबाइलच्या हॉटस्पॉटने सगळं उघडतं. डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलून पाहिलं, फरक नाही. केबलवाला म्हणतो, "मॅडम, स्पीड टेस्ट बघा की, लाइन ओके आहे." फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली आहे, प्लीज सांगा.

कर्वेनगर_२
राउटरमध्ये एमटीयू १४०० टाका आणि रीस्टार्ट करा. माझं त्यानेच सुटलं होतं.

सहकारनगरचा_नेटवर्कवाला
ताई, रोग एमटीयूचाच दिसतोय, पण १४०० अंदाजाने टाकू नका. मोजून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

एमटीयू म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार. इथरनेटवर तो १५०० बाइट. पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःच्या हेडरला (पॅकेटच्या पुढे लागणाऱ्या माहितीला) घेतं, म्हणून १४९२ उरतात. पुढे केबलवाल्याच्या जाळ्यात आणखी एखादं वेष्टण चढत असेल तर त्याहून कमी. मोठं पॅकेट अडलं की अडवणाऱ्या यंत्राने "एवढं मोठं चालणार नाही" असा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवायची पद्धत) निरोप पाठवणाऱ्याला द्यायचा असतो. पण बऱ्याच ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद करून ठेवतात. मग बँकेचा सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो आणि तुमच्याकडे चक्र फिरतं. हे असं सरसकट बंद करणं मला अजिबात पटत नाही. त्रास होतो तो सासूबाईंसारख्यांना, आणि त्यांना कारणही कळत नाही.

यूट्यूब का चालतं? क्रोममध्ये गूगलच्या साइट बहुतेक वेळा क्विक नावाच्या वेगळ्या प्रोटोकॉलवरून येतात, आणि त्याची पॅकेटं मुळातच लहान असतात. त्यामुळे लाइन ठणठणीत वाटते.

आता मोजणी. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि टाइप करा (इंग्रजी छोट्या अक्षरांत):

पिंग -एफ -एल १४६४ १.१.१.१

'-एफ' म्हणजे पॅकेटचे तुकडे करू नकोस. '-एल' पुढचा आकडा म्हणजे पॅकेटात भरलेला मजकूर; १४६४ मध्ये हेडरचे २८ बाइट धरलेले नाहीत. ते मिळवले की १४९२ होतात. उत्तर आलं नाही तर १४५२, मग १४४४ असं खाली या. कोणता निरोप येतो तेही लिहा. "फ्रॅगमेंट करावं लागेल" असं आलं तर कोणीतरी निदान सांगतंय. नुसतं टाइम आउट आलं तर पॅकेट वाटेत गुपचूप गिळलं जातंय.

धायरीची_सून
१४७२ ला राउटरकडूनच "फ्रॅगमेंट" वालं उत्तर आलं. १४६४ ला टाइम आउट. १४५२ ला व्यवस्थित रिप्लाय! १४५६ ला परत टाइम आउट. राउटरमध्ये एमटीयू १४९२ दिसतोय.

सहकारनगरचा_नेटवर्कवाला
म्हणजे १४५२ अधिक २८, तुमचा आकडा १४८०. राउटरच्या वॅन किंवा इंटरनेट पानावर पीपीपीओईच्या ॲडव्हान्स्डमध्ये एमटीयू १४८० करा, सेव्ह करून कनेक्शन तोडून जोडा. काही राउटर पीपीपीओईला मुळातच १४८० ठेवतात. जुना तसाच असणार, म्हणून इतके दिवस कळलं नाही. लॅपटॉप आणि फोनमध्ये वेगळं काही करू नका. बहुतेक राउटर टीसीपी जोडणी (साइट उघडताना सर्व्हरशी होणारी) होतानाच समोरच्याला १४४० चा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटात मावणारा मजकूर, कळवतात: १४८० वजा हेडरचे ४०. मग सर्व्हर मोठं पॅकेट पाठवतच नाही.

१४०० नेही चाललं असतं, कर्वेनगरकर, पण प्रत्येक पॅकेटमागे ८० बाइट उगाच का सोडायचे?

हिंजवडी_आयटी
यांच्याच प्रश्नाला जोडून: ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) वायरगार्ड आहे, त्याला वेगळं काही लागेल का?

सहकारनगरचा_नेटवर्कवाला
वायरगार्ड स्वतःचा एमटीयू साधारण १४२० धरतं. आयपीव्ही४ वर (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत; आयपीव्ही६ नवी) त्याचं वेष्टण ६० बाइटचं, म्हणजे १४८० मध्ये बरोबर मावतं. आयपीव्ही६ वरून जात असेल तर ८० लागतात, मग वायरगार्डमध्ये १४०० ठेवा. १२८० च्या खाली जाऊ नका, आयपीव्ही६ ला तेवढं किमान लागतंच.

धायरीची_सून
बँक उघडली! फॉर्मही भरला, पीडीएफसकट. केबलवाल्याला काय सांगू?

सहकारनगरचा_नेटवर्कवाला
हेच आकडे पाठवा: "१४८० पर्यंत जातं, त्यावरचं उत्तर न देता गळतं." स्पीड टेस्टबद्दल बोलूच नका. तुमच्या सोसायटीत त्याची आणखी कनेक्शनं असतील, त्यांचंही काम होईल.