रामेश्वरमच्या बेटावर सायकल: जाऊन आलेल्यांनी अनुभव लिहा

यंदाच्या हिवाळ्यात रामेश्वरमला सायकलींचा ग्रुप न्यायचं ठरायलंय आणि रोज कुणीतरी फोन करून तेच विचारतंय, बेट सपाट आहे ना, मग एवढी प्रॅक्टिस कशाला. म्हणून म्हटलं जाऊन आलेल्यांनीच लिहा. फोटो नकोत, फोटो सगळ्यांनी बघितलेत. रस्ता, वारा, पाणी, खाणं, सायकलीचं काय झालं ते लिहा.

सुरुवात मीच करतो. मी परभणीचा. ओखा-रामेश्वरम गाडी आपल्या नांदेडवरूनच जाते, तिनं थेट रामेश्वरमला न जाता आम्ही रामनाथपुरमला उतरलो, कारण बेटावर सायकलवरूनच शिरायचं होतं. तिथून रामेश्वरम साधारण ५५ किलोमीटर. मंडपम गेलं की पांबनचा रोडपूल लागतो, १९८८ चा, सव्वादोन किलोमीटरच्या वर लांब. डाव्या हाताला पाल्कची सामुद्रधुनी आणि उजवीकडं मन्नारचं आखात. बाजूला १९१४ चा जुना रेल्वेपूल आणि त्याला लागून एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला नवा, ज्याचा मधला ७२ मीटरचा तुकडा बोटी जाताना सरळ वर उचलला जातो. पुलावर टुरिस्ट गाड्या कुठंही थांबवून सेल्फी काढतात, दारं एकदम उघडतात, त्यामुळं ग्रुपनं एका रांगेत आणि अंतर ठेवून जायचं. पहिल्या दिवशी एवढंच. दुसऱ्या दिवशी तंगचिमडम, विल्लुंडी तीर्थ, कलामांचं स्मारक, गंधमादन. शेवटी धनुष्कोडी. चढ म्हणाल तर गंधमादनचा, तोही गप्पा मारत चढून होतो.

हिंगोली
चढ नाही हे खरं पण वारं हाय ना भाऊ. औंढ्याचा घाट चढून मांड्या तयार केल्या होत्या, तिथं त्याचा उपयोग वेगळाच झाला. धनुष्कोडीचा रस्ता बेटाच्या शेपटाकडं आग्नेयेला जातो आणि जानेवारीत वारं येतं ईशान्येकडून, म्हणजे जाताना डाव्या कुशीत आणि येताना उजव्या कुशीत. जाताना त्रास झाला तर येताना वारं पाठीशी असंल ही आशा सोडून द्या, दोन्ही बाजूनं आडवंच. समोरून वारं असलं की पुढच्याच्या चाकामागं लपता येतं, आडव्या वाऱ्यात नाही. पुढच्याच्या उजव्या बाजूला थोडं मागं, तिरकं चालवावं लागतं, येताना डाव्या बाजूला. पाच-सहा जण असे तिरके झाले की निम्मा रस्ता खातात, म्हणून हे फक्त पहाटे जमतं, साडेआठनंतर बस आणि टॅक्सी सुरू झाल्या की गपगुमान एका रांगेत या आणि सोसा. लीडला दोन-तीन किलोमीटरच्या वर कुणाला ठेवू नका. आमच्यात एक पहिलवान गडी होता, मीच ओढतो म्हणला, कोदंडरामाच्या देवळापर्यंत त्याची जीभ बाहेर. आणि वाऱ्यानं रस्त्यावर वाळू येऊन पडते, बारीक टायरवाल्यांनी तिथं ब्रेक मारू नये, सायकल सरळ सोडून द्यावी.

छत्रपती संभाजीनगर
थोडं कडू बोलतो. पांबनपासून धनुष्कोडीच्या पुढं अरिचलमुनैच्या टोकापर्यंत रोडबाईकवाल्याला हे एका दिवसाचं काम आहे, जाऊन-येऊन. त्यासाठी मुक्कामावर मुक्काम आणि सपोर्ट व्हॅनचा खर्च मला तरी पटला नाही. ज्यांना किलोमीटर पाहिजेत त्यांनी मदुराईपासून चालवत यावं.

परभणी (परत मीच)
किलोमीटर मोजायला जालना रोड आहे की मालक. ग्रुपमध्ये साठीच्या पुढचे असतात, पहिल्यांदाच गावाबाहेर सायकल काढलेले असतात, आणि दुपारी ११ ते ४ चालवायचंच नाही असं ठरवलं की दिवस आपोआप वाढतात.

लातूर
आम्ही बायका-बायकाच होतो. मला सगळ्यात जास्त त्रास घामाचा झाला. आपल्याकडं बेचाळीस डिग्रीत चालवलंय पण आपलं ऊन कोरडं, घाम आला की लगेच वाळतो आणि अंग गार होतं. तिथं हवेतच इतकी ओल की घाम वाळतच नाही, अंगावरच राहतो, अंग तापतच जातं आणि तहान लागलेली कळत पण नाही. घड्याळ लावून पाणी प्यायचं, ओआरएस घालून. कॉटनचे कपडे नकोत, भिजले की मांड्या सोलतात. धनुष्कोडीच्या वाटेवरच्या मुकुंदरायर चत्तिरमच्या पुढं टोकापर्यंत साडेनऊ किलोमीटर नुसता रस्ता आणि दोन्हीकडं पाणी, आडोसा म्हणून झाड नाही, तेव्हा बायकांनी त्याच्या आधीच सगळं उरकून घ्यावं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहितेय.

आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाही. धनुष्कोडीला कोळ्यांच्या बायका समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाळूत हातानं खड्डा करून पाणी काढतात आणि ते गोड असतं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यानं खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं म्हणे. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आम्ही प्यालोय, आमच्या गल्लीतला बोअर सहाशे फुटांवर पण कोरडा. मी त्या खड्ड्यापाशी इतका वेळ बसले की ग्रुपवाले चिडले.

पैठण
मी निवृत्त शिक्षक. नाथांच्या गावचा असल्यामुळं मला तर रामेश्वरला जाणं भागच होतं. काशीहून कावडीत आणलेली गंगा नाथांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ही गोष्ट वर्गात किती पिढ्यांना सांगितली असेल, पण दुपारी त्या वाळूत उभं राहून बाटलीतलं शेवटचं घोटभर पाणी बघितलं की कळतं कावड रिकामी करणं काय असतं. असो. देवळाचं व्यावहारिक सांगतो. बावीस कुंडांचं स्नान सायकलच्या दिवशी करू नका. विहिरीवरची माणसं बादलीनं पाणी ओततात, सगळं देऊळ ओल्या अंगानं पायी फिरायचं, मग कपडे बदलल्याशिवाय गाभाऱ्याकडं जाता येत नाही. अर्धा दिवस जातो. त्या दिवशी सायकलीला आराम द्यावा आणि बाहेरचा खांबांचा लांबलचक सोपा निवांत बघावा. घरच्यांनी सेतूची वाळू मागितली असेल तर पिशवी आधीच बरोबर ठेवा, काशीयात्रेवाल्यांना ती प्रयागला न्यायची असते.

बीड
धनुष्कोडीला सगळे टोकावर पळतात, अशोकस्तंभापाशी फोटो आणि परत. पडक्या गावात थांबा की जरा. चर्चच्या भिंती आणि स्टेशनचे अवशेष आहेत. १९६४ च्या डिसेंबरमध्ये २२-२३ च्या रात्री चक्रीवादळ आलं, पांबनहून येणारी पॅसेंजर शंभरावर माणसांसकट वाहून गेली. त्याआधी इथून श्रीलंकेला बोट जायची, मद्रासहून आगगाडी थेट धक्क्यापर्यंत यायची. पांबनचा पूल पण मोडला होता तो ई. श्रीधरन यांनी ४६ दिवसांत उभा केला. रस्ता टोकापर्यंत झाला २०१७ मध्ये, तोपर्यंत वाळूतून जीप. हे सगळं व्हॅनमधून उतरून कळत नाही, सायकलवर पोचलं की कळतं, कारण त्या वाऱ्यानं तुम्हाला तासभर आधीच वाकवलेलं असतं. हिवाळ्यात रोहित पण दिसतात उथळ पाण्यात. संध्याकाळी पोलीस लवकर परत पाठवतात, त्या हिशोबानं निघा.

नांदेड
खाण्याचं कुणी लिहिलंच नाही. दोन दिवस पोंगल बरा वाटतो, तिसऱ्या दिवशी भाकरीची आठवण येते. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी भरपूर न्या, गाडीत टिकतात. तिथं ताडगोळे आणि ताडाचा गूळ मिळतो, तो गुळाचा खडा खिशात ठेवला की जेलबिलची गरज नाही.

जालना
माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे म्हणून मेकॅनिकचं सांगतो. खारं वारं चेनला रात्रीत गंज चढवतं. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसायचं, वाळवायचं आणि मग ऑइल, ते पण थोडं, कारण जास्त ऑइलला वाळू चिकटते आणि गिअर खाते. हवा मारायचा पाईप जोरात मारू नका, वाळू बेअरिंगमध्ये जाते. जाताना पार्सल ऑफिसला एक दिवस आधी जा, पेडल काढून हँडल वळवून नव्या सायकलीच्या रिकाम्या खोक्यात पॅक करा, डिरेलर म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग, त्या साईडला थर्माकोल लावा. खोक्यावर दोन्ही बाजूंनी नाव, नंबर आणि उतरायचं स्टेशन मोठ्या अक्षरात. आमच्या ग्रुपच्या दोन सायकली रामनाथपुरमला न उतरता पुढं गेल्या आणि अख्खी सकाळ त्यातच गेली. खोकी लागणार असतील तर आत्ताच सांगा, जानेवारीत माझ्याकडं शिल्लक राहत नाहीत.