कॅम्पिंगला निघालात तर गोचिडींचं आधी बघा (फॅमिली ग्रुप)

वहिनी: तंबू आला, स्लीपिंग बॅगा आल्या, मुलं तर आजपासूनच हॉलमध्ये तंबू लावून आत बसलीयेत. एक विचारायचं होतं सगळ्यांना. कॅम्पसाइटच्या माहितीत लिहिलंय की परिसरात टिक्स आहेत आणि लाइम डिसीजपासून काळजी घ्या. टिक्स म्हणजे आपल्या गोचिडीच ना? माणसाला पण चावतात?

दादा: मी म्हटलं डासांचा स्प्रे घेऊ आणि विषय संपवू. ही उगाच टेन्शन घेतीये

ताई: हो गं, गोचिडीच, माणसाला पण चावतात, आणि लाइम हा त्यांच्या चावण्यातून होणारा जंतूंचा आजार. आणि दादा, स्प्रे घेच, पण नुसत्या स्प्रेवर नाही भागत. डास येतो चावतो उडून जातो, गोचीड तसं नाही करत, ती चिकटते आणि तीन चार दिवस तिथेच रक्त पीत बसते. चावताना दुखत नाही, खाजत पण नाही बऱ्याचदा, कारण तिच्या लाळेत जागा बधिर करणारं काहीतरी असतं. म्हणजे आपण शोधली नाही तर कळणारच नाही. पण याच्यातच आपल्या फायद्याची गोष्ट आहे, ती सांगते थांब, मोठं टाइप करतीये

मामा: अरे आम्ही इतकी वर्षं रानात फिरलो, गोचिडी काय कमी बघितल्या? चिकटली की काडी पेटवायची, विझवायची आणि गरम टोक टेकवायचं. आपोआप सुटते.

आत्या: मी तर ऐकलंय की व्हॅसलिन नाहीतर नेलपॉलिश लावायचं वरून, मग ती गुदमरून बाहेर येते

ताई: मामा, आत्या, प्लीज हे नका करू आणि मुलांसमोर सांगू पण नका. चटका दिला किंवा वरून काही थापलं की ती बिथरते आणि तिच्या आतलं द्रव उलट आपल्या कातडीत जाऊ शकतं, आणि लाइमचा जंतू नेमका त्यातच असतो. शिवाय नेलपॉलिश लावून ती सुटायची वाट बघत बसलं तर तेवढा वेळ ती चिकटलेलीच राहते ना.

आता जे सांगत होते ते. लाइमचा जंतू, बोरेलिया त्याचं नाव, तो गोचिडीच्या पोटात असतो. ती रक्त प्यायला लागली की मग तो हळूहळू तिच्या लाळेच्या ग्रंथीपर्यंत येतो आणि तिथून आपल्यात. याला वेळ लागतो, साधारण 24 तासांपेक्षा जास्त. म्हणजे दुपारी चिकटलेली गोचीड रात्री झोपायच्या आधी सापडली आणि काढून टाकली तर लाइम व्हायची शक्यता खूपच कमी. म्हणून मी म्हणते स्प्रे, कपडे सगळं करा, पण रोज संध्याकाळी सगळ्यांचं अंग तपासणं, हे एक काम सोडू नका. बाकी सगळं राहिलं तरी चालेल पण हे नाही.

वहिनी: रोज? सगळ्यांचं?

ताई: हो रोज. लहान मुलांचं तू नाहीतर दादाने, आणि तुम्ही एकमेकांचं. आणि वरवर बघून नाही चालत कारण सगळ्यात जास्त त्रास देते ती मोठी गोचीड नाही, पिल्लाच्या आणि मोठीच्या मधली अवस्था असते ती, तिला निम्फ म्हणतात, आकार खसखशीच्या दाण्याएवढा. मोठी झालेली पण न फुगलेली तिळाएवढी. आपण जी गुरांच्या अंगावरची टम्म फुगलेली बघतो ना ती रक्त प्यायल्यावरची. निम्फ म्हणजे कातडीवर एक काळा ठिपका, तीळ आहे की मातीचा कण आहे हे डोळ्याला कळत नाही, बोट फिरवलं की कळतं, किंचित खरखरीत लागतं. माझ्या गुडघ्याच्या लवणीत अशीच एक होती, मला वाटलं चिखल उडालाय, धुतलं तरी जाईना म्हणून मोबाइलच्या उजेडात नीट बघितलं तर बारीक पाय हलत होते.

छोटी: ईईई ताई

दादा: बरं ते कुठे कुठे बघायचं ते सांग

ताई: गोचीड पायावरून वर वर चढत जाते आणि मऊ, दमट, झाकलेली जागा शोधते. काखा, जांघा, गुडघ्याची लवण, बेंबी, कमरेचा पट्टा जिथे घट्ट बसतो तिथे, कानामागे आणि कानाच्या आत पण, आणि केसांत. मुलांच्या केसांत बोटं घालून टाळूवरून फिरवत न्यायची, नुसता भांग पाडून बघितलं म्हणजे झालं नाही. बाहेरून आल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ केली तर अजून चांगलं, न चिकटलेल्या असतात त्या वाहून जातात आणि अंघोळीच्या निमित्ताने सगळं अंग बघितलं पण जातं.

मामा: झाडावरून पडतात ना त्या? टोपी घाला मग सगळ्यांनी.

ताई: नाही मामा, झाडावरून पडत नाहीत, उडी मारत नाहीत, उडत पण नाहीत. गवताच्या पात्याच्या नाहीतर झुडपाच्या टोकाला मागच्या पायांनी धरून बसतात आणि पुढचे पाय हवेत पसरून ठेवतात. आपला श्वास, अंगाची ऊब हे त्यांना पुढच्या पायांतल्या एका अवयवाने कळतं. आपण घासून गेलो की चिकटल्या. डोक्यात सापडते ती बहुतेक वेळा खालून चढलेली असते, किंवा मुलं गवतात लोळलेली असतात तेव्हाची. म्हणून टोपीपेक्षा पायाकडे बघा. फुल पँट, पँटचा खालचा भाग मोज्यात खोचलेला, शर्ट पँटमध्ये खोचलेला. दिसायला कसंही दिसू दे. आणि फिक्या रंगाचे कपडे म्हणजे काळा ठिपका लगेच दिसतो.

वहिनी: आणि तंबू कुठे लावायचा? आम्हाला जागा निवडता येणारे

ताई: हे बरं विचारलंस. मोकळी, उन्हातली, कमी गवताची जागा बघ. गोचिडीला ओलावा लागतो, कडक कोरड्या उन्हात ती टिकत नाही. जंगलाची कड, उंच गवत, पानांचा खच, हे टाळ. आणि पडलेले ओंडके, लाकडाचा ढीग, जुनी दगडी भिंत, यांच्यावर टेकू नका. मुलांना नेमकं तिथेच बसायला आवडतं. तिथे उंदीर असतात आणि हा जंतू गोचिडीला मिळतो तो मुख्यतः उंदरांसारख्या छोट्या प्राण्यांकडून. अंड्यातून निघालेल्या पिल्लात लाइमचा जंतू नसतो, ते उंदराचं रक्त पितं तेव्हा तो येतो. सगळे हरणांना दोष देतात पण हरणामुळे गोचिडी वाढतात, जंतू हरणाकडून नाही येत.
चालताना पायवाटेच्या मधून चालायचं, कडेच्या गवताला घासत नाही.

दादा: ओके. स्प्रे कोणता मग? डासांचाच चालतो का

ताई: डब्यावर काय लिहिलंय ते बघ. डीट 20 ते 30 टक्के किंवा पिकारिडिन (दोन्ही किड्यांना लांब ठेवणारी औषधं) असलेला आणि टिक्सवर चालतो असं लिहिलेला घे. लेमन युकॅलिप्टसवाला पण मिळतो, पण तो तीन वर्षांच्या आतल्या मुलांना नाही लावायचा. मुलांना आपल्या हातावर घेऊन लावायचं, त्यांच्या डोळ्यांजवळ, तोंडाजवळ आणि हातांच्या पंज्यांना नाही, कारण ते हात तोंडात घालतात. सनस्क्रीन आधी, स्प्रे नंतर.
आणि दुसरी गोष्ट परमेथ्रिन, म्हणजे गोचिडी मारणारं औषध. हे अंगाला लावायचं नाही, फक्त कपड्यांना, बुटांना, मोज्यांना आणि तंबूला. 0.5 टक्केवालं मिळतं. आदल्या दिवशी बाहेर मोकळ्या हवेत फवारायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग घालायचं. बऱ्याच धुण्यांपर्यंत टिकतं. माझा तरी अनुभव असा की बूट आणि मोजे फवारले की निम्मं काम होतं.

छोटी: ताई मी पण चाललीये ना यांच्यासोबत, मी घरीच फवारू का? आमची माऊ आहे पण

ताई: माऊपासून लांब!! ओलं परमेथ्रिन मांजरांसाठी विषारी असतं. तुझे बूट दादाकडे दे, तो त्याच्या गच्चीत फवारेल. वाळल्यावरच घरी ने.

आत्या: बापरे एवढं सगळं करून पण चिकटलीच तर? काढायची कशी ते तर सांग, काडी नको व्हॅसलिन नको तर मग काय

ताई: टोकदार चिमटा आत्या. भुवयांचा चपट्या तोंडाचा नाही, बारीक टोकाचा. गोचिडीला पोटाला धरायचं नाही, पोट दाबलं जातं. कातडीच्या जितकं जवळ धरता येईल तितकं, म्हणजे तिच्या तोंडाशी धरायचं आणि सरळ वर, एकसारख्या जोराने ओढायचं. पिरगाळायचं नाही, हिसका द्यायचा नाही. कातडी थोडी वर उचलली जाते, तसंच धरून ठेवायचं, दोन क्षणांत सुटते. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल तर उकरत बसू नका, कातडी भरताना तो आपणहून बाहेर येतो. मग साबण पाण्याने नाहीतर स्पिरिटने जागा आणि हात धुवायचे. काढलेली गोचीड बोटांनी चिरडायची नाही, चिकटपट्टीत गुंडाळून टाका. चिमटा नसेल तर चिमट्याची वाट बघत रात्र काढू नका, टिश्यू नाहीतर कापड धरून बोटांनी काढा, लवकर निघणं महत्त्वाचं.

दादा: समज काढली. मग काय लगेच डॉक्टर? टेस्ट?

ताई: प्रत्येक गोचिडीत जंतू नसतो, त्यामुळे चावली म्हणजे लाइम झालाच असं नाही. पण ती फुगलेली दिसली किंवा कधीपासून होती हेच माहीत नसेल तर डॉक्टरांना फोन कर, आणि लगेच कर, कारण लाइमचा धोका असलेल्या भागात काढल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्टर कधी कधी अँटिबायोटिकचा एकच डोस देतात. द्यायचा की नाही ते तेच ठरवतील. रक्त तपासणी लगेच करून उपयोग नाही, टेस्टमध्ये शोधतात त्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूशी लढायला शरीर बनवतं ते घटक, तयार व्हायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला टेस्ट निगेटिव्ह येते आणि माणूस निश्चिंत होतो, ते वाईट.

मामा: या आजारात होतं काय नक्की?

ताई: मामा, चावल्यावर 3 ते 30 दिवसांत, बहुतेक वेळा आठवड्याभराने, एक लाल चट्टा येतो आणि तो दिवसेंदिवस पसरत जातो, फूटभर रुंद पण होऊ शकतो. नेमबाजीच्या चक्रासारखा दिसतो असं सगळीकडे चित्र असतं, पण बऱ्याच लोकांना नुसता लाल चट्टाच येतो, मधे पांढरं वगैरे काही नसतं. दुखत नाही, फारसा खाजत नाही, हाताला कोमट लागतो. चावल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी छोटा लाल फोड आला तर तो हा नव्हे, ती साधी चावल्याची रिअॅक्शन, एक दोन दिवसांत जाते. आणि दहातल्या दोन तीन जणांना चट्टा येतच नाही, नुसता ताप, थंडी, डोकं दुखणं, अंग मोडून येणं, एवढंच. सगळ्यांना वाटतं फ्लू झालाय. या टप्प्यावर कळलं तर तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिकने, डॉक्सिसायक्लिन वगैरे, दहा ते चौदा दिवसांत बहुतेक लोक पूर्ण बरे होतात. दुर्लक्ष झालं तर मग चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, हृदयाचे ठोके बिघडणं, गुडघा सुजून बसणं, असं काही काही महिन्यांनी पण निघतं.

हा आजार कळला तो पण मुलांच्या गुडघ्यांमुळेच. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचं गाव आहे, तिथे 1975 च्या सुमारास खूप मुलांचे सांधे सुजत होते, संधिवात म्हणून सोडून देत होते. पॉली मरी नावाची एक आई गप्प बसली नाही, कोणाला काय होतंय ते वहीत लिहून ठेवत गेली आणि आरोग्य खात्याच्या मागे लागली, तेव्हा कुठे तपास सुरू झाला. जंतू सापडला 1981 साली, विली बर्गडॉर्फर नावाच्या शास्त्रज्ञाला. मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटतो, मुलांच्या अंगावर काय चाललंय ते डोळे उघडे ठेवून बघितलं म्हणून कळलं ना.

वहिनी: खरंच गं. लस नाहीये का याला?

ताई: माणसांसाठी सध्या बाजारात नाही. 1998 ला एक आली होती अमेरिकेत, 2002 ला कंपनीनेच बंद केली. कुत्र्यांसाठी आहे. तुम्ही कुत्रा नेताय का?

दादा: नेणार होतो

ताई: मग आधी व्हेटकडे घेऊन जा, गोळी नाहीतर पट्टा देतील. आणि तो गवतात फिरून आला की कान, पंजांच्या मधे, शेपटीखाली चाचपून बघ. तंबूत तुमच्यासोबत झोपवू नका, त्याच्या अंगावरची चिकटायच्या आधी तुमच्यावर येते.

आत्या: आणि कपडे? तिथे मशीन कुठे असणार

ताई: रोजचे काढलेले कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, तंबूत पसरून ठेवू नका. घरी आल्यावर आधी ड्रायर, मग धुणं. कोरडे कपडे ड्रायरमध्ये फुल हीटवर दहा मिनिटं फिरवले की गोचिडी मरतात, थंड पाण्यात धुतल्या तर बिनधास्त जिवंत राहतात. बॅगा, जॅकेटं पण तपासा, पुष्कळदा माणूस स्वच्छ आणि बॅगेला चिकटून घरात आलेली असते.

वहिनी: चिमटा, स्प्रे, परमेथ्रिन, चिकटपट्टी, प्लास्टिकच्या पिशव्या, टॉर्च. अजून काही?

ताई: एक बॉलपेन. चावलेल्या जागेचा फोटो काढ आणि तारीख लिहून ठेव. नंतर तिथे लाल दिसलं तर कडेने पेनाने रेघ मार, दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या बाहेर गेली तर पसरतोय, सरळ डॉक्टरकडे जायचं. आणि परत आल्यावर महिनाभर कोणाला विनाकारण ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं की आम्ही कॅम्पिंगला गेलो होतो, ते विचारतीलच असं नाही.

दादा: चिमटे दोन घेतो, एक छोटीच्या बॅगेत. संध्याकाळी अंघोळीच्या आधी सगळ्यांची तपासणी, मुलांची मी करतो.