जीपीए ३.९१, पण ॲक्टिव्हिटीज जवळजवळ शून्य. यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) ट्रान्सफर मिळेल का?

प्रश्न:
नमस्कार. मी कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांचं कॉलेज, तिथून पुढे युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेतात) दुसऱ्या वर्षाला आहे, मेजर म्हणजे मुख्य विषय सिव्हिल इंजिनिअरिंग. या नोव्हेंबरात यूसीच्या डेव्हिस, अर्वाइन, बर्कली आणि यूसीएलए (लॉस एंजेलिस) या कॅम्पसना अर्ज करायचाय. मार्कांची धास्ती नाही. पण वर्गातल्या मुलांकडे क्लब आहेत, इंटर्नशिप आहेत, माझ्याकडे काहीच नाही.

आजोबांचं डायलिसिस असतं, मंगळवार-गुरुवार-शनिवार. आई-बाबा कामावर असतात, म्हणून पहाटे पाचला गाडी मी काढते. आजोबांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे नर्स काय म्हणते ते त्यांना मीच सांगते. ते खुर्चीत बसले की चार तास बाहेरच्या बाकावर स्टॅटिक्सची गणितं सोडवते. घरी यायला साडेदहा-अकरा होतात. म्हणून सकाळचे वर्ग घेताच आले नाहीत, क्लब तर दूरच.

आता घाईने एखादा क्लब धरू का? आणि घरचं असं लिहिलं तर दया मागितल्यासारखं दिसेल का?

उत्तर १:
क्लब धरू नकोस. अर्जाच्या तोंडावर सुरू केलेला क्लब लगेच ओळखू येतो. मी कम्युनिटी कॉलेजातूनच यूसीला गेलो. माझ्या अर्जात गोदामातली रात्रपाळी होती, दुसरं काही नव्हतं.

आधी सगळ्यात महत्त्वाचं बघ. असिस्ट या साइटवर (कुठल्या ट्रान्सफरला कुठले कोर्स लागतात ते तिथे कळतं) तुझं कॉलेज, हवी ती यूसी आणि मेजर निवड. कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, फिजिक्स असे तिथे दिसणारे कोर्स वेळेत पूर्ण होतायत ना? इंजिनिअरिंगला ट्रान्सफर घेताना आधी हे तपासतात. त्यातला एखादा कोर्स राहिला, तर ३.९१ सुद्धा वाचवत नाही. निबंधांतही मेजरच्या तयारीचा प्रश्न सक्तीचा आहे. बाकी सातांतले तीन तू निवडायचे, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द.

आता आजोबांचं. यूसीच्या अर्जात घरच्या जबाबदाऱ्याही ॲक्टिव्हिटी म्हणून लिहिता येतात. आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे विचारतात, ते खरे भर. दया कधी वाटते? 'फार कठीण होतं' असं लिहिलं की. तू काय केलंस ते लिही, बाकी वाचणाऱ्याला कळतं.

उत्तर २:
दादांनी कोर्सचं सांगितलं ते अगदी बरोबर. मी टॅगचं सांगते, म्हणजे अटी पूर्ण केल्या तर ट्रान्सफरच्या प्रवेशाची हमी. डेव्हिस किंवा अर्वाइन, दोन्हींपैकी एकाच ठिकाणी टॅग करता येतो, आणि तो सप्टेंबरातच भरावा लागतो. नोव्हेंबरची वाट बघत बसलीस तर संधी गेली. बर्कली आणि यूसीएलए टॅग देत नाहीत. तुझं मेजर त्यात बसतं का, ते काउन्सेलरकडून आजच विचारून घे.

कॉमन ॲपवरून (अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची साइट) एखादं खासगी कॉलेज धरणार असशील, तर तिथे बहुतेक ठिकाणी प्रोफेसरांची शिफारस मागतात. ज्यांच्याकडे तुझी उठबस आहे त्यांना आत्ताच सांगून ठेव. यूसीला मात्र शिफारसपत्रं सहसा लागत नाहीत.

प्रश्नकर्ती:
खूप आभार ताई, दादा. काउन्सेलरची वेळ घेतली. काल रात्री ॲक्टिव्हिटीचं वर्णन लिहिलं, ते ३५० अक्षरांत बसवायचंय: 'आजोबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेते. त्यांची काळजी घेणं हा माझ्यासाठी मोठा अनुभव होता, त्याने मला खूप शिकवलं.'

उत्तर १:
दुसरं वाक्य काढून टाक. त्या जागी: 'नर्स आणि आजोबा यांच्यात दुभाषी. दर खेपेचं वजन आणि रक्तदाब वहीत नोंदवते, पथ्याचं जेवण ठरवते.' यातलं जे खरोखर करतेस तेवढंच ठेव, कारण यूसी काही अर्जदारांकडून पुरावे मागवते. तास पण नीट मोज. पहाटे पाच ते अकरा, तीन दिवस, म्हणजे आठवड्याला १८.

प्रश्नकर्ती:
अठरा! मी सहा लिहिणार होते. वही आहे माझ्याकडे, निळी, पहिली नोंद मागच्या वर्षीच्या मार्चमधली.