टिनाचं छत, फक्त सोलरची वीज. आतून इन्सुलेशन कसं लावावं?

उमरेडरोड
उमरेड रस्त्याला शेतात आमचं दोन खोल्यांचं घर आहे. नऊ इंची विटांच्या भिंती, वर टिना. लाइन आलेली नाही. १ किलोवॉटच्या सोलरवर दिवे, पंखे आणि एक कूलर चालतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दुपारी आत बसवत नाही, आणि सासूबाई दिवसभर घरातच असतात. रात्री कूलर लावला तर पहाटेच्या आधीच बॅटरी बसते. आम्ही दोघं स्वतःच काम करणार आहोत. दुकानदार थर्माकोल सांगतो, ओळखीतले फॉइलवाली बबल शीट नाहीतर ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची गादी. काय घ्यावं?

पत्रेवाला
ताई, माल आणायच्या आधी टिनांवर पांढरा रूफ पेंट मारा. गंजून काळपट झालेला टिना ऊन पिऊन घेतो, पांढरा बरंचसं परत फेकतो. पैसे कमी असतील तर चुना मारा. पावसात धुऊन जाईल, पण तोवर उन्हाळा निघालेला असेल.

वर चढालच, तर प्रत्येक स्क्रूखालचं रबर वॉशर नखाने दाबून बघा. आपल्या उन्हात ते कडक होऊन तडकतं. तिथून पाणी झिरपलं आणि ग्लासवूल भिजलं, की त्याचा उपयोग संपला.

आतून मी असं करीन: बबल शीट टिनाला चिकटवायची नाही, लोखंडी अँगलच्या खालून ताणायची. चकचकीत बाजूसमोर निदान इंचभर मोकळी हवा हवीच, नाहीतर फॉइलचा फायदा जातो. त्याखाली जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याचे) चॅनल, चॅनलवर ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडाच्या तंतूंची तशीच गादी) किंवा ग्लासवूल, आणि खालून ६ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड. बोर्डचं वजन चौरस मीटरला आठेक किलो भरतं, म्हणून चॅनल अँगललाच स्क्रूने पक्के करा. वूल दाबून कोंबू नका, त्यात अडकलेली हवाच उष्णता अडवते. पूर्ण बाह्या, मास्क, गॉगल घाला आणि काम थंडीत काढा.

उघडं थर्माकोल घरात लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. आग भराभर धरतं आणि धूर घातक असतो. शिवाय पीव्हीसी वायर त्याला टेकून राहिली तर कालांतराने वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. वूल वापरलं तरी वायरिंग पाइपातूनच न्या.

काटोलनाका
वरच्या बाबतीत सहमत. पण इन्सुलेशन घर थंड करत नाही, उष्णता आत यायला उशीर लावतं. भिंतीही दिवसभर तापतात आणि रात्री आत ओकतात; पश्चिमेच्या भिंतीला हिरवी नेट किंवा तुराट्यांचा मांडव द्या. कूलर दुपारी थेट पॅनलच्या विजेवर चालवा, समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर नुसता दमटपणा वाढतो. अंधार पडल्यावर सगळ्या खिडक्या उघडा, बॅटरीवर फक्त पंखे ठेवा.

उमरेडरोड
दोघांचे आभार. बोर्ड आणि टिनाच्या मधल्या जागेत उंदीर शिरतील का? शेजारीच धानाचं तणस रचलेलं असतं.

पत्रेवाला
शिरतील, वूलमध्ये घरटंही करतील. भिंतीच्या डोक्यावर टिनाच्या नागमोडीखाली ज्या फटी दिसतात, त्या सिमेंटने बुजवा. दोन्ही त्रिकोणी भिंतींत वरच्या बाजूला गरम हवेसाठी झरोका ठेवा आणि त्याला बारीक लोखंडी जाळी ठोका. प्लास्टिकची उंदीर कुरतडतो. हे झाल्यावरच शेवटचा बोर्ड लावा, आणि तणसाची गंजी घरापासून लांब न्या. आगीच्या दृष्टीनेही ती इतकी जवळ नको.