पोस्टग्रेस: सिक्वेन्सची फक्त कमेंट बदलली आणि आकडा मागे गेला. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एका पतसंस्थेच्या पावत्यांचा डेटाबेस आहे, पोस्टग्रेस १४. जुना डेटा आयडीसकट कॉपी कमांडने आणला. आयडी आपण दिले की सिक्वेन्स (पुढचा आयडी आपोआप देणारा डेटाबेसमधला मोजक) जागचा हलत नाही, हे माहीत होतं. शेवटचा आयडी ४८१२, म्हणून जीयूआय टूलमध्ये सिक्वेन्सच्या प्रॉपर्टीज उघडून 'करंट व्हॅल्यू'त ४८१३ टाकलं. पहिली पावती निघाली ४८१४ ची! ऑडिटर ४८१३ मागणार.

पुढचं प्रकरण जास्त विचित्र आहे. काउंटर चालू असताना त्याच खिडकीत फक्त कमेंट लिहून सेव्ह केली, आकड्याला हात लावला नाही. लगेच कॅशियरकडे 'डुप्लिकेट की' चा (हा आयडी आधीच वापरलाय असा) एरर. पावत्या ४८३१ पर्यंत गेल्या होत्या आणि सिक्वेन्स परत ४८१४ वर. कॅशियर सेव्ह दाबतच राहिला, थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरळीत! टूलचा एसक्यूएल टॅब पाहिला तर कमेंटच्या ओळीखाली सेटव्हॅलचीही (सिक्वेन्सचा आकडा बदलणारी) ओळ. टेस्ट कॉपीवर दोन्ही ओळी चालवून रोलबॅक केलं, म्हणजे बदल मागे घेतले: कमेंट गेली, आकडा मात्र बदललेलाच राहिला.

हे असं का? आणि 'स्टार्ट' रकाना बदलून काहीच होत नाही, तो मग कशाला दिलाय?

उत्तर

दादा, सिक्वेन्समध्ये आकड्यासोबत 'इज कॉल्ड' नावाचा एक झेंडा असतो. सेटव्हॅलला नुसतं ४८१३ दिलं की झेंडा ट्रू होतो, म्हणजे "४८१३ देऊन झालाय". तिसरा पॅरामीटर फॉल्स दिलात तर पुढचा ४८१३ च येईल. 'ऑल्टर सिक्वेन्स'मध्ये 'रीस्टार्ट विथ ४८१३' लिहिलं तरी तेच. 'स्टार्ट' म्हणजे नुसती नोंद, पुढे कधी आकडा न देता 'रीस्टार्ट' केलं तर वापरली जाणारी.

टूलने खिडकी उघडतानाचा शिळा आकडा परत लिहिलाय. चालू काउंटरवर सिक्वेन्सला त्या खिडकीतून हात लावू नका, कमेंटची एक ओळ हातानेच चालवा.

सेटव्हॅल आणि नेक्स्टव्हॅल (सिक्वेन्सकडून पुढचा आकडा घेणारं फंक्शन) रोलबॅकला जुमानत नाहीत, मुद्दामच. नाहीतर एका सेशनचं कमिट होईपर्यंत, म्हणजे त्याचे बदल पक्के होईपर्यंत, बाकीचे नंबरसाठी ताटकळले असते. म्हणूनच कॅशियरच्या प्रत्येक फसलेल्या सेव्हने एकेक नंबर खाल्ला आणि ४८३२ आल्यावर गाडी रुळावर आली. आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही.

खरी अडचण वेगळी आहे. सिक्वेन्समध्ये खाडे पडणारच, एखादं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा बदलांचा गट) फसलं तरी पुरे. ऑडिटला सलग नंबर हवे असतील तर आयडी आणि पावती क्रमांक वेगळे करा. क्रमांकासाठी एका ओळीचं काउंटर टेबल (शेवटचा क्रमांक साठवणारं) ठेवा आणि पावती घालायच्या ट्रान्झॅक्शनमध्येच ती ओळ अपडेट करा. ओळ लॉक होते, थोडं हळू चालतं, पण पतसंस्थेच्या गर्दीला पुरून उरेल.

धागाकर्ता

टेस्टवर फॉल्स देऊन पाहिलं, ४८१३ च आला. काउंटर टेबल करतो. एक एप्रिलला पावत्या १ पासून सुरू कराव्या लागतात, तेही त्यातच बसवता येईल. धन्यवाद!