भाची व्हेंटिलेटरवर आहे, न्यूमोनियाबद्दल मदत हवी आहे
आम्ही डिचोलीचे. बहिणीची 3 वर्षांची मुलगी पाच दिवस अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर आहे. डॉक्टर म्हणाले, 48 तास उलटले की श्वासासाठी घशातून घातलेल्या नळीमुळे न्यूमोनियाचा धोका असतो. पोराला खोकता येत नाही, तोंडातले जंतू नळीच्या कडेने फुप्फुसात झिरपतात. म्हणून उशाकडची बाजू उंच ठेवतात, तोंड वरचेवर साफ करतात, नळी काढता येईल का ते रोज बघतात. नर्सबाई फार मायेने करतात सगळं. पण काल रात्री ताप चढला, कफही घट्ट, पिवळा येतोय. कोणते जंतू आहेत ते कळायला कफ कल्चरला (तपासणीला) पाठवलाय.

ज्यांची मुलं यातून गेली त्यांनी कृपया सांगा, रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरांना नेमकं काय विचारावं? आणि हात धुऊन आत जाण्यापलीकडे आईला काय करता येतं? ताई दारापासून हलत नाही.